आधी चिलटं, मग बेडूक: नाशिकच्या घरात डार्ट फ्रॉग सांभाळताना

डार्ट फ्रॉग पाळायचेत म्हणून कुणी घरी आलं, की बेडूक दाखवायच्या आधी मी त्यांना मागच्या खोलीतली फळी दाखवते. तिथं ओळीनं बारा बरण्या असतात, तोंडाला मांजरपाट बांधलेलं, आणि आत चिलटं. केळं जास्त पिकलं की त्यावर घोंघावतात तीच. "तीन महिने या बरण्या चालवून दाखवा, मग बेडकांचं बोलू," असं मी सांगते. काहींना ते लागतं. पण हा जेमतेम चार सेंटीमीटरचा बेडूक मेलेलं खात नाही आणि झुरळ-नाकतोडा त्याच्या तोंडात मावत नाही. त्याला रोज तिळाएवढं, हलतं, जिवंत खाणं लागतं. ते घरातच पिकवावं लागतं. चिलटांची बरणी बसली तर बेडूक उपाशी, इतका सरळ हिशेब आहे.

मी एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत सहायक म्हणून बावीस वर्षं काम केलं. अनुवंशशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी ड्रोसोफिला, म्हणजे हीच चिलटं, वर्षभर जिवंत ठेवणं माझ्याकडे होतं. बेडूक मात्र माझ्याकडे पुतण्यामुळे आले. त्यानं २०१८ मध्ये ल्युकोमेलास या जातीचे चार डार्ट फ्रॉग घेतले, काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेले. पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा म्हणाला, "काकू, तुमच्याशिवाय यांना चिलटं कोण देणार?" तेव्हापासून ते पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात, काचपेटीत आहेत. चाराचे आता नऊ झालेत, आणि दिले ते वेगळेच.

कागद आधी

हे प्राणी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. डार्ट फ्रॉगच्या ज्या जाती घरी पाळल्या जातात त्या १९८७ पासून साइटिस कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि या यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. बेडूक घरात असेल तर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. पिल्लं झाली, कुणाला दिली, एखादा मेला, तेही कळवायचं. परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी आपणहून माहिती द्यावी म्हणून सरकारनं २०२० मध्ये मुदत दिली होती, तिच्यात पुतण्यानं माहिती भरली होती, म्हणून पुढचं सोपं गेलं. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याकडून बेडूक घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. जंगलातून उचलून, डबीत कोंबून आणलेला बेडूक असण्याची शक्यता तिथंच जास्त, आणि असे बेडूक जंत, जखमा घेऊन येतात व बहुधा जगत नाहीत.

सगळे विचारतात, विषारी ना? जंगलात, हो. कोलंबियातले एम्बेरा लोक फायलोबॅटीस टेरिबिलिस या सोनेरी बेडकाच्या पाठीवर बाणाचं टोक घासून शिकार करत, त्यावरूनच ‘डार्ट’ हे नाव. पण हे विष बेडूक स्वतः बनवत नाही. तिथल्या मुंग्या, कोळीकिडे, बारीक भुंगेरे खाऊन त्यांच्यातली अल्कलॉइडं, म्हणजे विषारी द्रव्यं, तो कातडीत साठवतो. चिलटांवर वाढलेल्या, बंदिस्त जागेत जन्मलेल्या बेडकात ते येतच नाही. उलट आपल्या हाताचा त्याला त्रास होतो. मीठ, साबण, सॅनिटायझर, ओडोमॉस, सगळं त्याच्या ओल्या कातडीतून आत जातं. म्हणून हात लावायचाच नाही. हलवायचा झाला तर प्लॅस्टिकचा स्वच्छ पेला पुढे धरायचा आणि मागून हळूच हाकलायचं.

चिलटांची बरणी

आपल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यातली फळमाशी वेगळी, आंब्याला-कारल्याला डंख करणारी. मी बोलतेय ती केळ्यावरची बारीक चिलटं. त्यातही उडता न येणारा वाण हवा. प्रयोगशाळांत असतो तो ‘वेस्टिजियल’, म्हणजे खुरटलेल्या पंखांचा, किंवा अजिबात पंख नसलेला. बेडूक पाळणाऱ्या कुणाकडून सुरुवातीची एक बरणी मागून घ्या. बाहेरची उडणारी चिलटं पकडून काम होत नाही. झाकण उघडल्यावर ती बेडकाच्या तोंडी नव्हे, तुमच्या दिवाणखान्यात जातात.

माझी कृती अशी. एक पूर्ण पिकलेलं केळं कुस्करायचं. त्यात तीन मोठे चमचे मक्याचं पीठ, एक चमचा गूळ आणि साधारण पाऊण वाटी पाणी घालून मंद आचेवर पिठल्यासारखं घट्ट होईपर्यंत ढवळायचं. उतरवल्यावर एक चमचा व्हिनेगर आणि पाव चमचा दालचिनीची पूड, बुरशी लागू नये म्हणून. अर्ध्या लिटरच्या बरणीत तीन बोटं थर होईल इतकं ओतायचं. पूर्ण गार झाल्यावर वर चिमूटभर यीस्ट भुरभुरायचं. जाड पुठ्ठ्याच्या दोन-तीन पट्ट्या उभ्या खोचायच्या म्हणजे चिलटांना चढायला जागा मिळते. मग पन्नासेक चिलटं सोडून तोंडाला दुहेरी मांजरपाट बांधायचं, आणि बरणीवर तारीख लिहायची. तारीख लिहायचा कंटाळा करू नका.

२४-२५ अंशांना बाराव्या ते चौदाव्या दिवशी नवी चिलटं निघतात. त्यानंतर दोन-तीन आठवडे बरणी देत राहते, मग मंदावते. माझ्या चार मोठ्या बेडकांना रोज शंभरेक चिलटं लागायची. म्हणून दर रविवारी दोन नव्या बरण्या लावते, मागे-पुढे न करता. महिना उलटलेली बरणी फ्रीझरमध्ये ठेवून फेकून देते, त्यात चिलटं दिसत असली तरी. जुन्या बरणीत बारीक कोळीकिडे होतात, पांढरी धूळ हलल्यासारखे दिसतात, आणि एका बरणीतून सगळ्या फळीवर पसरतात. एकदा त्यांनी आठवड्यात माझ्या आठ बरण्या संपवल्या. तेव्हापासून बरण्या साबणाच्या पाण्यानं भरलेल्या ताटात ठेवते. दुधाचं पातेलं मुंग्यांसाठी पाण्यात ठेवतो ना, तसंच.

आता खास नाशिकच्या अडचणी.

फेब्रुवारी ते एप्रिल घरात द्राक्षं असतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, केळ्याऐवजी द्राक्षं घालू, घरचीच आहेत. तिन्ही बरण्यांतल्या अळ्या मेल्या. बागेत फवारण्या किती होतात ते आपल्याला ठाऊक आहे, आणि औषधाचा अंश चिलटांना पुरतो. तेव्हा द्राक्षं नाहीत, द्राक्षाची पानं नाहीत, वेलाच्या काड्या नाहीत. बागेत फवारतात त्या मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणातलं तांबं तर टॅडपोलना, म्हणजे बेडूकमाशांना, थेट मारक आहे.

याच महिन्यांत घरात रानटी चिलटंही वाढतात. त्यातला एक नर जरी तुमच्या बरणीत शिरला, तर पुढच्या पिढीत उडणारी निघतात. पंख नसण्याचा गुण अप्रभावी आहे, एका पालकाकडून धड पंखांचं जनुक आलं की पुरे. प्रॅक्टिकलला मुलं हेच मोजायची. बरणीत एक जरी उडताना दिसलं तर ती बरणी त्या दिवशी संपवा, तिच्यातून पुढची लावू नका.

आणि मे महिना. खुरटलेल्या पंखांचा वाण उष्णतेत वाढला, तिशीच्या आसपास, तर त्याचे पंख बऱ्यापैकी मोठे येतात. काही उडतातही. बाहेरचं चिलट शिरलं म्हणून मी आठवडाभर मांजरपाट तपासत बसले होते, पण दोष खोलीच्या तापमानाचा होता. उन्हाळ्यात बरण्याही बेडकांच्याच थंड खोलीत हलवा.

चिलटं तशीच द्यायची नाहीत. पेल्यात कॅल्शियम आणि डी-३ ची बारीक पूड चिमूटभर घ्यायची, त्यात चिलटं झटकून पेला गोल फिरवायचा. अनारसा खसखशीत घोळवतो तशी ती पुडीत घोळली पाहिजेत. आठवड्यातून एकदा बहुजीवनसत्त्वांची पूड, जिच्यात अ जीवनसत्त्व तयार स्वरूपात आहे अशी. अ कमी पडलं की बेडकाची जीभ नीट काम करत नाही. तो चिलटाकडे झेपावतो, जीभ बाहेर येते, चिलट चिकटत नाही, आणि भरल्या पेटीत उपाशी राहतो. पुडीचा डबा उघडल्यावर सहा महिन्यांत बदला, निम्मा शिल्लक असला तरी. जीवनसत्त्वं हवेनं उतरतात.

चिलटांच्या जोडीला स्प्रिंगटेल हवेत. एक-दोन मिलिमीटरचे पांढरे उड्या मारणारे किडे. डब्यात लाकडी कोळशाचे तुकडे, तळाला थोडं पाणी, आठवड्याला तांदळाचे चार दाणे, इतकंच. कोळसा साधा लाकडाचा हवा. पेटीतली बुरशी हेच खातात आणि नवजात बेडकांचा पहिला घासही हेच असतात.

पेटी

चार बेडकांसाठी ६० सेंटीमीटर लांब, ४५ खोल, ६० उंच अशी काचपेटी मी मत्स्यालयं बनवणाऱ्याकडून करून घेतली. सिलिकॉन मत्स्यालयाचंच हवं, बाथरूमचं नको, त्यात बुरशीनाशक असतं. वरचं झाकण काचेचंच, फक्त एका कडेला पाच सेंटीमीटरची बारीक स्टीलच्या जाळीची पट्टी. तळाला पाणी काढून टाकायला नळी.

तळात पाच सेंटीमीटर कौलांचे धुतलेले तुकडे. जुन्या घरांच्या या गावात कौलांना तोटा नाही. त्यावर नायलॉनची जाळी, पण मच्छरदाणीची असेल तर औषध न लावलेली. मग माती: कोकोपीट तीन-चार पाण्यांतून खळबळून क्षार काढलेलं, त्यात कोळशाचा चुरा, ऑर्किडसाठी मिळणारी साल आणि स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ. सगळ्यावर पानांचा जाड थर. परदेशात यासाठी पानं विकत घेतात, आपल्या दारात देशी बदामाची झाडं उभी आहेत. रस्त्यापासून लांबच्या झाडाची गळालेली पानं आणून उकळा, वाळवा, घाला. बेडूक याच पानांत लपतात, शिकार शोधतात. भरपूर पानं असलेल्या पेटीत बेडूक जास्त धीट होतात. लपायला जागा आहे हे कळल्यावरच ते बाहेर येतात.

झाडांत मनी प्लांट, सिंगोनियम, फिटोनिया, ब्रोमेलियाड. इथं माझं नुकसान झालंय. एका रोपवाटिकेतून आणलेलं ब्रोमेलियाड नुसतं धुऊन लावलं. त्याच्या पानांच्या बगलेत साचलेल्या पाण्यात कीटकनाशक उतरलेलं असणार, कारण आठवड्यात तीन लहान बेडूक गेले, पाय ताठ होऊन. आता कुठलंही रोप आधी माती पूर्ण काढून, धुऊन, वेगळ्या कुंडीत दोन महिने ठेवते. रोज पाणी ओतते, आणि शेवटी त्यावर चिलटं सोडून पाहते. ती जगली तरच रोप पेटीत जातं.

पाण्याचं म्हणाल तर बोअरचं पाणी नको, काचेवर पांढरे डाग पडतात आणि फवाऱ्याचं तोंड चोंदतं. गंगापूर धरणातून येणारं नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडतं. मी फवाऱ्याला आरओचं किंवा पावसाचं वापरते. पहिले दोन-तीन पाऊस सोडून पुढचं गच्चीवर स्वच्छ पिंपात धरते.

दिवा साधा पांढरा एलईडी, बारा तास.

नाशिकचा उन्हाळा

या बेडकांना २२ ते २६ अंश लागतात. काही तास तिशीच्या वर गेलं तर ते मरू शकतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो. डार्ट फ्रॉग उष्ण कटिबंधातले म्हणून त्यांना उष्णता चालते, असं समजून चालू नका. वर्षावनाच्या तळाशी, पालापाचोळ्यात, ऊनच पोचत नाही.

२०२२ च्या मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि मी बाहेर होते. परत आले तेव्हा पेटीत ३४ अंश होते. तिघं कौलांच्या बाजूच्या ओल्या फटीत शिरले होते, चौथा काचेला चिकटलेला होता, निर्जीव. तो सगळ्यांत जास्त गाणारा नर होता. पुतण्याला फोन करून सांगताना मला बोलवेना. त्या उन्हाळ्यानंतर जे केलं ते सांगते.

पहिलं, पेटी कुठं ठेवता. आमच्या माजघराच्या भिंती दोन फूट जाड आहेत, आणि तिथं बाहेरपेक्षा कितीतरी कमी तापमान असतं. फ्लॅटमध्ये असाल तर पश्चिमेची भिंत टाळा, वरचा मजला असेल तर एसीशिवाय धाडस करू नका. पेटी टेबलावर नको, फरशीलगत ठेवा.

दुसरं, नुसते फवारे मारून पेटी गार होत नाही. हे समजायला मला वेळ लागला. पाण्यानं गारवा येतो तो पाणी उडाल्यावर. काचपेटीतली हवा आधीच पाण्यानं भरलेली, तर उडणार कुठं? म्हणून झाकणाच्या जाळीवर संगणकातला छोटा पंखा आडवा बसवला, आतली हवा बाहेर ओढणारा. तो चालू असताना दर दोन तासांनी फवारा मारला की पेटी खोलीपेक्षा दोन-तीन अंश खाली येते. आपली मे मधली हवा कोरडी असते, ती इथं कामी येते. खोलीत कूलर चालतो, पण त्याचा झोत पेटीवर नाही. पंखा आणि एक कूलर इन्व्हर्टरवर घेतलेत.

तिसरं, वीज गेलीच तर. माठाखालची वाळू किती गार असते ते सगळ्यांना माहीत आहे. मी एक पसरट मातीची कुंडी ठेवली आहे. तिच्यात ओली वाळू, वाळूत गळ्यापर्यंत रोवलेला झाकणाचा डबा, डब्यात ओलं मॉस. वाळूवर पाणी शिंपडत राहायचं. पेटीत २९ दिसले की बेडूक पेल्यानं या डब्यात जातात. कुंडी दाराजवळच्या सावलीत, जिथं वारा लागतो. एका दुपारी खोलीत ३३ होते तेव्हा डब्यात २७ भरले. घरातल्या प्रत्येकाला हे करता आलं पाहिजे. आमच्या ह्यांनाही मी दोनदा सगळं करायला लावलं.

थंडीचं फारसं नाही. निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हाही माजघरात १७-१८ असतात. मागच्या काचेला थर्मोस्टॅटवरची उबदार चटई लावते, तळाला कधीच नाही.

गाणं, अंडी, टॅडपोल

जूनमध्ये हवेत ओल आली की मी फवारे वाढवते आणि खाणं दुप्पट करते. मार्च ते मे दोन्ही मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. व्हेनेझुएलातही ल्युकोमेलास कोरड्या ऋतूत दडून बसतात आणि पावसात विणीला लागतात. आठवड्याभरात नर गायला लागतो. आवाज पक्ष्याच्या लांब शिळेसारखा, शेजारच्या वहिनींनी पहिल्या वर्षी कुठला पक्षी आणला म्हणून विचारलं होतं. ऑराटस आणि टिंक्टोरियस या डार्ट फ्रॉगच्या दुसऱ्या जातींचा आवाज बारीक घरघरीसारखा, लक्ष देऊन ऐकावा लागतो. नर-मादी ओळखायची खात्रीची खूण गाणं हीच. मादी थोडी जाडसर. टिंक्टोरियसच्या नराच्या पुढच्या पायांची बोटं टोकाला रुंद. एक लक्षात ठेवा: टिंक्टोरियसच्या दोन माद्या एका पेटीत ठेवू नका. त्या कुस्ती खेळल्यासारख्या भिडतात, दुबळी खाणं सोडते. ल्युकोमेलास मात्र गटात राहतात. आणि दोन जाती किंवा एकाच जातीचे दोन वेगळ्या रंगांचे वाण एकत्र ठेवू नका, संकर होतात आणि मूळ वाण हातचा जातो.

अंडी घालायला नारळाची अर्धी करवंटी, कडेला दारासारखी खाच पाडलेली. आत काचेची पेट्री डिश. आमच्याकडच्या दोन करवंट्या सहा वर्षं जुन्या आहेत, बेडकांना त्याच आवडतात. नर गात पुढे, मादी मागे, ती त्याच्या पाठीवर पुढच्या पायांनी थोपटते. अंडी दोनापासून बारापर्यंत, काळे ठिपके असलेले पारदर्शक थेंब. दिसली की लगेच उचलू नका. एक दिवस जाऊ द्या, नराला त्यांच्यापाशी वेळ हवा असतो. मग डिश झाकणाच्या डब्यात, खाली ओला टिश्यू, तापमान २३ ते २५. अंड्याच्या निम्म्या उंचीइतकंच पाणी, आणि त्यात बदामाच्या पानाच्या काढ्याचे चार थेंब. पानातल्या टॅनिनमुळे बुरशी आवरते.

पहिल्या दोन-तीन वेळची अंडी पांढरी पडतील. जोडपं नवं असलं की होतं असं. निराश होऊन पेटी उलथीपालथी करू नका, त्यांना शिकू द्या. चांगलं अंडं तिसऱ्या-चौथ्या दिवशी लांबट होऊ लागतं. आठव्या दिवशी भिंगातून पाहिलं की कल्ल्यांचे झुबके दिसतात. मी रोज सकाळी चहाआधी ते भिंग घेऊन बसते. बाराव्या-पंधराव्या दिवशी बेडूकमासा बाहेर.

जंगलात इथून पुढे बापाचं काम. तो टॅडपोल पाठीवर घेऊन झाडाच्या ढोलीतल्या पाण्यापर्यंत नेतो. पेटीत ते आपण करायचं, कारण हे टॅडपोल एकमेकांना खातात. प्रत्येकाला वेगळा पारदर्शक पेला, दीडशे ते दोनशे मिलिलिटर पाणी, बदामाच्या पानाचा एक तुकडा. पाणी निम्मं क्लोरीन उडवलेलं नळाचं, निम्मं पावसाचं. नुसतं आरओचं देऊ नका, त्यात क्षारच नसतात, टॅडपोल फुगतात. पहिले दोन दिवस खाणं नाही. मग दिवसाआड माशांच्या खाण्यातला स्पिरुलिनाचा चुरा, चिमटीच्या टोकावर राहील इतकाच. टॅडपोल मरतात ते बहुतेक उपाशी राहून नव्हे, उरलेलं खाणं कुजून. आठवड्यातून दोनदा निम्मं पाणी बदला.

साठ ते ऐंशी दिवस लागतात. मागचे पाय आधी हळूहळू येतात. पुढचे कातडीखाली तयार होतात, कोपर उंचावलेलं दिसतं आणि एका रात्रीत बाहेर पडतात. त्या दिवशी पाणी बोटभर ठेवून पेला तिरका करा आणि कोरड्या बाजूला मॉस घाला. उशीर झाला तर तयार बेडूक बुडून मरतो. पुढचे पाय दोऱ्यासारखे बारीक आले तर तो जगत नाही. मादीच्या आहारातली कमतरता हे त्याचं एक कारण मानलं जातं, म्हणून विणीच्या आधी दोन महिने पुडीचं वेळापत्रक चुकवू नका. शेपूट जिरेपर्यंत पिल्लू काही खात नाही. मग लहान डबा, मॉस, पानं, आणि स्प्रिंगटेल भरपूर. दोन-तीन आठवड्यांनी बारीक चिलटं. सारख्या आकाराची पिल्लं एकत्र ठेवा. लहान-मोठी मिसळली की लहान मागं पडतं.

ऊफागा पुमिलिओ ही छोटी लाल जात मात्र या पद्धतीनं वाढत नाही. तिची मादी पिल्लांना स्वतःची न फळलेली अंडी खायला घालते. ते आपल्याला जमणारं नाही. त्या जातीच्या वाट्याला सुरुवातीला जाऊ नका.

पेटीतलं पेटीतच

कायट्रिड बुरशीनं जगभरातल्या बेडकांच्या अनेक जाती संपवल्या. तिचं शास्त्रीय नाव १९९९ मध्ये ठरलं, आणि ज्या नमुन्यावरून ते ठरलं तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातला निळा डार्ट फ्रॉग होता. म्हणून पेटीतून काढलेलं पाणी मी थेट मोरीत ओतत नाही. बादलीत दहाला एक या प्रमाणात ब्लीच घालून तासभर ठेवते, मगच टाकते. माती, पानं टाकायची झाली तर उकळून. आमची मोरी गोदावरीला मिळते. नदी पुढे नांदूर मध्यमेश्वरला जाते, महाराष्ट्रातल्या पहिल्या रामसर स्थळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेला. त्र्यंबक-इगतपुरीच्या ओढ्यांत आपले स्वतःचे बेडूक आहेत. त्यांना माझ्या छंदामुळे काही झालं तर ते मला सहन होणार नाही. तिकडचा बेडूक हौसेनं पकडून आणून पेटीत टाकणं हेही तितकंच वाईट, दोन्ही बाजूंनी.

पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं, रोज दिसेल असं धीट झालं, की मगच कुणाला देते. त्याआधी त्या माणसाच्या बरण्या पाहते. सोबत नोंदणीचे कागद, कॅल्शियमची पुडी, मी काय खायला घालते त्याची यादी आणि चालू असलेल्या दोन बरण्या, एक आठवडा जुनी, एक ताजी. मार्च ते मे मी कुणालाच देत नाही. मागच्या पावसाळ्यात सिडकोतल्या एका मुलानं तीन नेले. परवा त्याचा फोन आला होता, खोलीत ३१ झालेत म्हणून. मी आधी विचारलं, कुंडीतली वाळू ओली आहे का. होती.